गाडीतली देवळी

उंब्रजच्या सर्व्हिस रोडला जोतीरामचं दुकान आहे. गाड्यांना टेप, स्पीकर, अ‍ॅम्प, वूफर बसवून देणं हा त्याचा धंदा, आणि या धंद्यात आपला हात धरणारा आसपास कुणी नाही हे तुम्ही विचारलं नाहीत तरी तो सांगतो. कान मात्र त्याचा खरंच तिखट. हायवेवरनं जाणाऱ्या गाडीचा कुठला स्पीकर फाटलाय हे तो चहाचा कप खाली न ठेवता ओळखतो. देवानं माणसाला असा कान दिला की सोबत थोडं मोठं पोटही द्यावं. जोतीरामच्या बाबतीत देव ते विसरला. दुसऱ्याचं बरं झालेलं त्याच्या पोटात मावत नाही, आणि त्यातून ते जयराजचं असलं की मग विचारूच नका.

जयराज म्हणजे शिरवळचा. मूळचा माणदेशातला, घरची मेंढरं, पण दुकान शिरवळला टाकलेलं. तिथं कंपन्या आहेत, नवीन गाड्या घेणारी पोरं आहेत, त्यामुळं त्याचं बरं चाललंय. तो आणि जोतीराम सांगलीच्या नाथाजी मिस्त्रींच्या हाताखाली एकत्र शिकले. एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. एकदा नाथाजींनी दोघांचं काम शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणाले, कान घ्यावा तर जोतीरामचा आणि हात घ्यावा तर जयराजचा. बाकीच्यांनी त्याचा अर्थ दोघंही गुणी असा घेतला. जोतीरामनं घेतला तो असा, की वायर काय कानानं ओढतात का? काम हातानंच होतं, म्हणजे म्हाताऱ्यानं जयराजला आपल्या डोक्यावर बसवला. नाथाजी पुढं वारले, पण ते वाक्य काही जोतीरामच्या घशाखाली उतरलं नाही.

आता त्याचा थोरला भाऊ धनाजी. फौजेत सुभेदार. रिटायर होऊन येताना नवी गाडी घेऊन यायची हे घरात कधीचंच ठरलेलं. जोतीरामनं त्या गाडीसाठी एक उत्तम अ‍ॅम्प आणि बारा इंची वूफर आधीच बाजूला काढून दुकानाच्या माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवला होता. कितीतरी गिऱ्हाइकांनी मागितला. दिला नाही. ते दादाच्या गाडीचं हाय, असं तो अशा थाटात सांगायचा की माणसानं पुन्हा मागू नये. सगळ्या उंब्रजला ठाऊक झालं होतं की सुभेदाराच्या गाडीत जोतीराम असा काही आवाज काढणार आहे की कऱ्हाडपर्यंत लोक माना वळवतील.

गाडी आली त्या संध्याकाळी घरची सगळी दारात उभी होती. जोतीरामच्या बायकोच्या, पूजाच्या हातात ओवाळायचं ताट, आई बनुबाईंच्या हातात भाकरतुकडा. गाडी अजून वळणापलीकडं होती आणि जोतीरामच्या कानावर बेस आला. खोल, गोल, कुठं फुटत नाही की घुमत नाही. बारा इंची हाय, पेटीतला हाय, तो स्वतःशीच म्हणाला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं की ही गाडी आपल्याच दाराकडं येतेय.

धनाजी हसत खाली उतरला. म्हणाला, पुण्याहून येता येता शिरवळला थांबलो, जयराजनं एका दिवसात सगळं बसवून दिलं. पूजानं ओवाळता ओवाळता नवऱ्याकडं पाहिलं आणि ताटातला दिवा विझू नये म्हणून पदर आडवा धरला, असा श्वास त्यानं सोडला होता. तोंडानं तो म्हणाला, बरं केलंस दादा. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. सख्खा भाऊ, ज्याच्या पाठीला पाठ लावून आपण आलो, आणि आपल्या दुकानावरनं गाडी पुढं येते ती दुसऱ्याचं फिटिंग घेऊन! बरं, दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं, तर त्याचं.

दुसऱ्या दिवशी गुंडा नावाच्या चहाच्या टपरीवाल्यानं बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. साखर ढवळत त्यानं विचारलं, सुभेदाराची गाडी आन् फिटिंग शिरवळचं, हे काय नवीन? जोतीराम चहा तसाच ठेवून उठला. दुकानात जाऊन त्यानं माळ्यावरच्या चादरीची गाठ आणखी आवळली. ती सुटली नव्हती, पण हाताला काहीतरी चाळा हवा होता.

त्या शुक्रवारी घरची सगळी नवीन गाडीनं औंधला यमाईला गेली. त्यांच्या घरात रीतच तशी आहे. नवं वाहन घेतलं की औंधला न्यायचं, देवीच्या ओटीतला नारळ तांदळासकट लाल खणात बांधून आणायचा आणि वर्षभर तो त्या वाहनातच राहू द्यायचा. बैलगाडी होती तेव्हा तो दांडीला बांधायचे, ट्रॅक्टर आला तेव्हा सीटखालच्या पेटीत ठेवायचे. जोतीराम मात्र गेला नाही. दुकानात गिऱ्हाईक येणार आहे म्हणाला. कुणी येणार नव्हतं. दिवसभर तो शटर अर्धं ओढून बसला आणि त्या गाडीत बसून आपण जयराजचा बेस ऐकणार नाही, असं स्वतःलाच बजावत राहिला.

संध्याकाळी जेवताना बनुबाई देवीचं दर्शन कसं झालं ते सांगत होत्या, आणि सांगता सांगता म्हणाल्या, "त्या जयराजचं कवतिक वाटतं बघ मला. गाडीतसुदीक देवीला देवळी ठिवलीया लेकरानं. गोल, गुळगुळीत. नारळ कसा नीट बसला. येवढं कुणाला सुचतंय?"

आता गाडीत कसली आली देवळी? भिंतीत कोनाडा असतो तशी देवळी पत्र्याच्या गाडीत कोण करणार? जोतीरामनं त्या घटकेला एवढंच विचारलं असतं, की कुठली गं देवळी आई, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि माझंही तोंड दुखायचं वाचलं असतं. पण हायवेवरच्या गाडीतली खडखड ओळखणाऱ्या त्या कानात फक्त दोन शब्द शिरले, जयराज आणि कवतिक. त्यानं ताटात हात धुतला आणि उठून गेला. पूजानं त्याची अर्धी भाकरी उचलून टोपलीत ठेवली.

काही महिने बरे गेले. मग एका शुक्रवारी सकाळी सुभेदाराची गाडी जोतीरामच्या दुकानापुढं येऊन उभी राहिली. धनाजी म्हणाला, बेस वाजला की मागं डिकीत काहीतरी खडखडतंय, आवाज पण पहिल्यासारखा मोकळा येत नाही, कोंडल्यागत येतोय. आणि खरं सांगायचं तर गाणं बंद असलं तरी वळणावर मधनंच काहीतरी वाजतं. हे शेवटचं जोतीरामनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वायरिंगच खराब आहे म्हटल्यावर वळणाचं काय घेऊन बसायचं! त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा मात्र त्यानं डॉक्टरसारखा गंभीर केला आणि म्हणाला, आधीच माझ्याकडं आला असतास तर ही पाळी आली असती का दादा?

धनाजीनं गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. फौजेतला माणूस, बोलतो कमी, पण बोलतो ते सरळ.

"जोत्या, तू काम झक्कास करतोस," तो म्हणाला. "पण केल्यावर वर्षभर ऐकवतोस. आईच्या खोलीत पंखा बसवलास, किती वर्सं झाली? अजून बटण दाबलं की तुझं नाव घ्यावं लागतंय. म्हटलं, गाडीत तरी निवांत गाणी ऐकावी."

जोतीरामला हे लागलं. मग ते लागलेलं सगळं त्यानं उचललं आणि शिरवळच्या दिशेनं भिरकावलं. भावासमोरच जयराजला फोन लावला, आवाज मोठा केला आणि म्हणाला, तुझं काम फसलं, ये आन् डोळ्यानं बघून जा. पलीकडनं जयराज शांतपणे म्हणाला, येतो संध्याकाळपर्यंत, तसंही मावशींना भेटायचंच होतं. मावशी म्हणजे बनुबाई. हे ऐकून जोतीराम आणखी पेटला. धनाजी बँकेत काम होतं म्हणून निघून गेला आणि जोतीरामनं बाह्या सारल्या. संध्याकाळच्या आत जयराजची चूक शोधून काढायची, ती त्याच्याच तोंडावर भावाला दाखवायची, आणि नाथाजी मिस्त्रींचं ते वाक्य एकदाचं पुरून टाकायचं. एवढंच त्याला हवं होतं.

त्यानं बॉनेट उघडलं. अ‍ॅम्पला करंट बॅटरीतून येतो, आणि त्या वायरीवर बॅटरीच्या जवळच फ्यूज हवा, नाहीतर वायर कुठं घासली तर गाडीच पेटायची. अर्धे फिटर हा फ्यूज लांब कुठंतरी घालतात. जयराजचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर होता, वर पावसापाण्याचं झाकण. जिथनं वायर पत्र्यातून आत शिरते तिथं रबरी बूच. जोतीरामनं बूच काढून पाहिलं, की निदान भोकाची कड तरी धारदार सोडली असेल. कडसुद्धा कानसलेली होती.

त्यानं सीट काढल्या, गालिचा उचलला. करंटची वायर डाव्या बाजूनं आणि गाण्याची वायर उजव्या बाजूनं. दोन्ही एका बाजूनं नेल्या की इंजिनची शीळ गाण्यात घुसते, हे नाथाजी रोज सांगायचे आणि रोज कुणीतरी विसरायचं. जयराज विसरला नव्हता. वायरी बांधायच्या पट्ट्यासुद्धा सारख्या अंतरावर, शेपट्या कापून आतल्या बाजूला वळवलेल्या, जिथं माणूस कधी बघणारसुद्धा नाही. मेल्यानं गालिच्याखाली पण चांगलं काम करायचं? जोतीरामला त्याचा रागच आला. चूक सापडली असती तर इतका राग आला नसता.

मग अर्थिंग. निम्मी दुखणी इथलीच असतात. वायर गाडीच्या पत्र्याला लावायची तर आधी पत्र्यावरचा रंग खरवडायला लागतो, पण ते काम किचकट, म्हणून पोरं रंगावरच नट आवळून मोकळी होतात. जयराजनं रंग खरवडून पत्रा लखलखीत काढला होता, दातेरी वॉशर घातला होता, आणि एकावर एक दोन नट आवळले होते. दोन नट ही नाथाजींची शिकवण. जोतीराम स्वतः एकच लावतो, कारण कोण बघतंय?

त्यानं अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे आवाज किती उचलायचा ते, पाहिला. बरोबर. वूफरच्या वायरी उलट करून पाहिल्या. खडखड तशीच. शेवटी इरेला पेटून त्यानं माळ्यावरची चादर सोडली, भावासाठी जपून ठेवलेला अ‍ॅम्प काढला आणि जयराजचा काढून तो जोडला. गाणं लावलं. त्याच्या स्वतःच्या अ‍ॅम्पवरसुद्धा डिकी खडखडत होती, आणि ती खडखड त्याला आपल्यालाच हसल्यासारखी वाटली. त्यानं घाम पुसला आणि जयराजचा अ‍ॅम्प परत जसा होता तसा बसवला.

उरली फक्त लाकडी पेटी. तिच्यात काय बिघडणार म्हणून त्यानं ती शेवटपर्यंत ठेवली होती. पेटीला एका बाजूला वूफर आणि शेजारी एक गोल भोक, आत रुंद नळी. आतली हवा त्या नळीतून ये-जा करते तेव्हा कुठं बेस मोकळा होतो. भोक असं मोठं आणि काठाला घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. जोतीरामनं वूफरचे स्क्रू काढले, वूफर बाहेर घेतला आणि आत हात घातला. हाताला कापड लागलं. ओढून काढलं तर लाल खणाची पुरचुंडी. गाठ सुटून तांदूळ सांडलेले, आणि आत नारळ. वाळून खोबरं सुटलेला, हलवला की खुळखुळणारा.

काखेत कळसा नि गावाला वळसा. गोल, गुळगुळीत, नारळ नीट बसला, हे आईचे शब्द त्याला आता अख्खेच्या अख्खे ऐकू आले. भोकाला तिनं देवळी समजून त्यात यमाईचा नारळ ठेवला होता, आणि खड्ड्याखुड्ड्यात, बेसच्या हादऱ्यानं तो हळूहळू आत सरकून पेटीत पडला होता. जयराजची काडीचीही चूक नव्हती.

जोतीरामनं पेटी झाडून वूफर बसवला आणि गाणं लावलं. मागच्या सीटवर बसून त्यानं डोळे मिटले. बेस असा आला की बरगड्यांना कळला आणि काचांना कळला नाही. तो खोड काढायला बसला होता आणि त्याच्या तिखट कानाला खोड सापडेना. आपल्या हातनं हे असं झालं नसतं, हे त्याला नीट कळलं. कळलं, आणि ते त्याला सोसलं नाही. नाथाजी बरोबर बोलले होते, याचंच त्याला रडू येत होतं.

आणि मग माणसाची बुद्धी कशी फिरते बघा. नारळ त्यानं खणात गुंडाळून आपल्या हत्यारांच्या पिशवीत तळाशी घातला. पान्हा घेऊन अर्थिंगवरचा एक नट काढला, खिशात टाकला, आणि दुसरा ढिला करून ठेवला. इंजिन चालू करून गाणं लावलं तर आता बेसमागं बारीक शीळ येत होती, रेस केली की चढत जाणारी. झालं. चूक सापडत नव्हती, तर चूक तयार झाली.

दिवस कलायच्या सुमारास धनाजी परत आला आणि त्याच्या पाठोपाठ मोटारसायकलवर जयराज. मागं एक घोंगडं बांधलेलं, घरच्या लोकरीचं, बनुबाईंच्या गुडघ्यांसाठी आणलेलं. जोतीरामनं ते पाहिलं आणि आपण आईला आजवर साधी शालसुद्धा आणली नाही हे नको तेव्हा आठवलं. मग त्यानं आणखी जोरात सुरुवात केली. डिकी उघडली, भावाला वाकून बघायला लावलं, इंजिन रेस करून शीळ ऐकवली आणि अर्थिंगचा नट दोन बोटांनी फिरवून दाखवला. एकच नट, तोही ढिला. यानंच सगळा आवाज बिघडला होता, आता बाकीचं मी निस्तरलंय, एवढंच जयराजनं डोळ्यानं बघावं म्हणून ठेवलं होतं, असं त्यानं सांगितलं.

जयराज खाली वाकला. एका नटाच्या जागी दोन होते हे त्याला ठाऊक. ढिल्या अर्थिंगनं शीळ येते, खडखड येत नाही, हेही ठाऊक. त्याची नजर पेटीवरनं गालिच्यावर आली. तिथं कुंकू लागलेले दोन तांदूळ पडले होते. त्यानं ते बोटाच्या टोकानं उचलले, कपाळाला लावले, खिशात टाकले, आणि मग वर जोतीरामकडं पाहिलं. जोतीरामनं नजर चुकवून पान्हा पुसायला घेतला.

धनाजीचा आवाज कडक झाला होता. एवढ्या विश्वासानं तुझ्याकडं दिली आणि साधा नट आवळला नाहीस? त्यानं विचारलं.

"चुकलं असंल दादा," जयराज म्हणाला. "गडबडीत राहिलं असंल."

एवढंच. पान्हा मागून त्यानं नट आवळला आणि हात झटकले. जोतीराम जिंकला होता. पण त्याला वाटलं होतं हा भांडेल, मग आपण दोन शब्द वर चढवू, मग हा निरुत्तर होईल. नुसतं चुकलं म्हणून मोकळ्या झालेल्या माणसाला हरवायचं कसं? जेवणात मीठ राहून जावं तसं त्याचं जिंकणं अळणी झालं. त्यात धनाजी म्हणाला, चला, आई वाट बघत असंल, जयराज जेवूनच जाईल.

घरी बनुबाईंनी घोंगडं अंगाभोवती घेतलं आणि ते कसं ऊबदार आहे ते पूजाला हात लावून बघायला लावलं. पाट मांडले. ताटं वाढली. शुक्रवार होता, म्हणून बनुबाई उदबत्ती लावून अंगणात गाडीकडं गेल्या, देवीला ओवाळायला. जोतीरामचा घास हातातच राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. हत्यारांची पिशवी त्याच्या पाठीमागं भिंतीला टेकून होती.

बनुबाई हातात जळती उदबत्ती घेऊनच परत आल्या. देवळी रिकामी हाय, म्हणाल्या. यमाईचा नारळ कुणी काढला?

कसली देवळी, धनाजीनं विचारलं. बनुबाईंनी हातानं गोल करून दाखवला, पेटीला केलेली ती. सुभेदार काय समजायचं ते समजत चालला होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. खडखड, वळणावरचा आवाज, कोंडलेला बेस. त्याची नजर जोतीरामकडं वळायला लागली, आणि तेवढ्यात जयराज बोलला.

"मावशी, म्या काढून ठिवलाय त्यो. आत सरकून वाजत व्हता म्हणून. इचारायला पायजे व्हतं, राहिलं."

बनुबाईंचा चेहरा निवळला. त्यांनी उदबत्ती देव्हाऱ्यात खोचली आणि जयराजच्या पाठीवरनं हात फिरवला. म्हणाल्या, तू काढलास तर काढलास लेकरा, तू काय देवीचं वाईट करणार न्हाईस. तुझ्यासारखी समज सगळ्यांना असती तर काय पायजे व्हतं. आणि ताटात आणखी एक भाकरी घातली.

आता दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून गप जेवला असता. सुटका समोर वाढून ठेवली होती. पण जोतीरामच्या डोक्यात रक्त चढलं. पेटी चांगली केली ती यानं. नट आवळले ते यानं. बोलणी खाल्ली ती यानं. आणि आता पाप आपण केलं, तर त्याचंही कवतिक यालाच? आपलं स्वतःचं असं काही ठेवणार आहे का नाही हा?

"त्यानं न्हाई काढला," तो ओरडला. "म्या काढला."

ताट सरकवून त्यानं पिशवी पुढं ओढली आणि ओतली. पक्कड, पान्हे, टेपचे तुकडे, आणि त्यांच्यामधनं लाल खणातला नारळ घरंगळत बनुबाईंच्या पायापाशी गेला. मग खिशात हात घालून त्यानं नट काढला आणि जयराजच्या ताटाशेजारी ठेवला. नट पण म्याच काढला, म्हणाला. अर्थिंग ढिलं केलं ते म्या. त्याच्या कामात काय बी खोट न्हाई. खोट असती तर मला बरं झालं असतं.

पूजा वाढता वाढता डाव हातात धरून तशीच उभी राहिली. जयराज ताटातली भाकरी मोडत होता आणि मोडलेले तुकडे पुन्हा मोडत होता. जोतीराम खाली मान घालून रडत होता, मोठा बाप्या माणूस, नाक पुसत. धनाजीनं नट उचलला, बोटांत फिरवला आणि परत जयराजकडं सरकवला. "दोन लावतोस व्हय," एवढंच म्हणाला.

बनुबाईंनी नारळ उचलून पदरात घेतला, त्याला लागलेली वायरींची धूळ पुसली. त्यांना बाकीच्या गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. ती जागा हवेसाठी आहे, देवीसाठी नाही, हे जयराजनं त्यांना हळूच समजावलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की मग देवीला ठेवायचं कुठं? जयराजनं तोंड उघडलं. त्याच्या आधी जोतीराम बोलला.

"म्या करतो देवळी. येगळी. सागवानाची."

धनाजीनं भात कालवायला घेतला.

"कर," तो म्हणाला. "पण केल्यावर कुणाला सांगायचं न्हाई."

जोतीरामनं देवळी केली. खरंच सुरेख केली, सागाची, कमानीची, पेटीच्या वरच्या अंगाला बसवलेली, आत मखमल, हादऱ्यानं नारळ हलू नये म्हणून खाली रबर. पेटीच्या भोकाला जाळी मारली. नट लावले ते दोन दोन. गुंडानं टपरीवर विचारलं, फिटिंगचं काय झालं, तर जोतीराम चहा पीत बसला. त्याच्या पोटात काय चाललं होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

जुना नारळ देवीला परत करून नवा आणायला सगळी पुन्हा औंधला गेली. या खेपेला जोतीरामही गेला, बनुबाईंनी सोडलाच नाही. दर्शन घेऊन खाली आल्यावर डिकी उघडून त्या नवा नारळ देवळीत ठेवत होत्या, तेव्हा शेजारच्या गाडीतला एक माणूस येऊन कौतुकानं बघत उभा राहिला. त्यानं कमानीवरनं बोट फिरवलं. असं काम आपण कुठं पाहिलं नाही म्हणाला, आणि जोतीरामलाच विचारलं, कुणाकडनं करून घेतलं?

धनाजी चपला घालत होता. तो तसाच वाकलेला थांबला आणि त्यानं वर पाहिलं.

जोतीरामनं त्या माणसाकडं पाहिलं, देवळीकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं.

"शिरवळला जयराज म्हणून हाय एक," तो म्हणाला. "त्याचं काम."

तो माणूस वा म्हणून मान डोलवायला लागला. शिरवळला कुठं, हायवेलाच का, फोन नंबर आहे का, असं विचारायला लागला. जोतीरामनं नंबर सांगितला. तो माणूस लिहून घेत होता, पुन्हा पुन्हा वा म्हणत होता, आणि जोतीरामचा जीव नुसता तळमळत होता. शेवटी त्याला राहवेना. त्यानं पुढं होऊन डिकीत डोकं घातलं, एक डोळा मिटून देवळीकडं पाहिलं आणि म्हणाला, "जरा तिरपी बसवलीया बघा त्यानं."